घरभाडे भत्त्याची सूट आणि राजारामपुरीतील एक कर सल्लागार

शिरोली एमआयडीसीत नोकरी आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत भाड्याचे घर अशी माझी गेली काही वर्षे चालली आहेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये आर्थिक वर्ष 2024-25 चे विवरणपत्र भरण्यासाठी राजारामपुरीतील एका कर सल्लागारांकडे गेलो. घरभाडे भत्त्याची सूट मागणाऱ्या पगारदारांना उपयोग व्हावा, म्हणून त्या सेवेचा हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

कंपनीत फॉर्म 12बीबी (सूट-वजावटींचा तपशील कळवण्याचा अर्ज) वेळेत न दिल्यामुळे माझा कर नव्या प्रणालीनुसार, म्हणजे घरभाडे भत्त्याची सूट न मिळणाऱ्या पद्धतीने, कापला गेला होता, आणि आता ही सूट गेलीच असे मी धरून चाललो होतो. सल्लागारांनी फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) पाहिला आणि सांगितले की, धंद्याचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला मुदतीत विवरणपत्र भरताना जुनी प्रणाली निवडता येते आणि कंपनीने न धरलेली सूट तिथे मागता येते. मात्र भाडे खरोखर दिल्याचा पुरावा हाती हवा. त्यांचा पहिला प्रश्न भाडे किती, हा नव्हता. भाडे बँकेतून देता की रोख, हा होता. मी बँकेतून देतो, हे कळल्यावरच त्यांनी पुढचा कागद ओढला.

भाडेपावतीच्याच पाठीमागे पेन्सिलीने त्यांनी तीन आकडे मांडले. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून वर्षाला 7,20,000 रुपये (आमचा महागाई भत्ता निवृत्तीच्या लाभांसाठी धरला जातो, म्हणून तो यात येतो), मिळालेला घरभाडे भत्ता 2,16,000 आणि दिलेले भाडे 1,80,000. भाड्यातून पगाराचे 10 टक्के, म्हणजे 72,000 वजा केले की उरतात 1,08,000. कोल्हापूरसाठी पगाराचे 40 टक्के धरायचे, ते होतात 2,88,000. प्रत्यक्ष भत्ता आणि हे दोन आकडे, अशा तिन्हींत जो सर्वांत कमी तेवढीच सूट, म्हणजे 1,08,000.

इथेच मला धक्का बसला, कारण त्याआधीच्या वर्षी दुसऱ्या एका सल्लागाराने माझे सगळेच भाडे सूट म्हणून दाखवले होते. राजारामपुरीतल्या सल्लागारांनी ते विवरणपत्र पाहिले आणि नोटिशीची वाट न बघता अद्ययावत विवरणपत्र (आधीची चूक सुधारून नंतर भरायचे विवरणपत्र) भरायला लावले. कमी भरलेला कर व व्याज आणि त्यावर 25 टक्के जादा असा भुर्दंड पडला. पैसे गेले याचे वाईट वाटते, पण त्यांनी ही गोष्ट माझ्यापासून लपवली नाही, याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे.

2024-25 चा हिशोबही त्यांनी दोन्ही बाजूंनी करून दाखवला. एकूण पगार 10,20,000. गडहिंग्लजला आई-वडील राहतात त्या घराच्या कर्जाचे 1,20,000 रुपये व्याज, 80सी (ठराविक बचत-गुंतवणुकीची वजावट) आणि आरोग्य विमा, हे सगळे धरून जुन्या प्रणालीत कर आला 26,416 रुपये आणि नव्या प्रणालीत 46,280. घरभाड्याची सूट काढून टाकली, तर जुन्याचा कर 48,880 होतो, म्हणजे नवीच स्वस्त पडते. एवढा सगळा फरक त्या 1,08,000 रुपयांवर उभा होता.

वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेल्याने घरमालकाचा पॅन आवश्यक होता. आमच्या घरमालकीण काकू एकट्या राहतात; पॅन दिला तर आपल्यावर कर बसेल, या भीतीने त्या तयार होईनात. सल्लागारांनी स्वतः त्यांना फोन लावला आणि भाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते, दुसरे उत्पन्न नसताना 1,80,000 रुपये भाड्यावर कर बसण्याचा प्रश्नच येत नाही, हे शांतपणे समजावले. "काकू, तुमचं नाव कुठं अडकणार नाही, तुम्ही निवांत राहा," हे त्यांचे शब्द मला अजून आठवतात. संध्याकाळी काकूंनी पॅन कार्डाची झेरॉक्स माझ्या हातात ठेवली.

माझ्यासोबत आलेल्या सहकाऱ्याने बायकोच्या नावाने भाडेपावत्या करून द्याल का, असे विचारले, तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला. आई-वडिलांच्या मालकीच्या घरात राहून त्यांना खरोखर बँकेतून भाडे दिले आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवले तर गोष्ट वेगळी, असेही त्यांनी सांगितले. गिऱ्हाईक गमावण्याची तयारी ठेवून असे बोलणारी माणसे या व्यवसायात मला फारशी भेटलेली नाहीत.

उणीव सांगायची तर एकच: मुदत वाढून 15 सप्टेंबर झालेली असूनही गर्दी प्रचंड होती, ठरलेल्या वेळेनंतर दीड तास बाकावर बसावे लागले, आणि आकडेमोड त्या पेन्सिलीच्या कागदावरच राहिली. ती टाइप करून द्यायला हवी होती; मी मागितली, तेव्हा त्यांनी मोबाइलवर पाठवली. फी 1,200 रुपये घेतली आणि तिची पावती दिली.

परताव्याचे 19,860 रुपये खात्यात जमा झाले आहेत. नोंदणीकृत भाडेकरार, बँकेचे उतारे, पावत्या आणि काकूंच्या पॅनची प्रत या चार गोष्टी त्यांच्या सांगण्याप्रमाणे एका फाइलमध्ये ठेवल्या आहेत.