स्ट्रॅट-छाप गिटार आणि तिचा बझ : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात घेतलेल्या या इलेक्ट्रिक गिटारने आता पुण्याचे तिन्ही ऋतू पाहिले, त्यामुळे मत द्यायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण या किमतीतल्या बऱ्याच स्ट्रॅट-छाप (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या) गिटारींची गत थोड्याफार फरकाने हीच असते. मेपलची नेक (हातात धरायची दांडी), ६४८ मिमी स्केल (तारेची वाजती लांबी), ९.५ इंच रेडियस (नेकच्या माथ्याच्या गोलाईची त्रिज्या), तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर पकडून अँपला देणारे भाग), ०९-४२ च्या तारा (सर्वांत पातळ ०.००९ इंच, सर्वांत जाड ०.०४२ इंच). रंगकाम चोख, पिकअप पैशाच्या मानाने उत्तम, ट्यूनर (खुंट्या) सूर धरून ठेवतात. रडगाणं एकाच गोष्टीचं आहे, ते म्हणजे फ्रेट बझ, तार नेकवरच्या फ्रेटना (धातूच्या आडव्या पट्ट्यांना) आपटून येणारी खरखर. खोक्यातून काढून थेट वाजवायची असेल तर ही घेऊ नका. पाना फिरवायची तयारी असेल तर खुशाल घ्या.

बझ येतोय म्हटल्यावर लोक आधी सॅडल (घोडीवरचे तारेचे टेकू) उचलतात. ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) वर जाते, बझ दबतो आणि बोटं दुखायला लागतात. खरं तर बझ नेकवर नेमका कुठे येतो, ते आधी लिहून काढावं. फक्त मोकळ्या तारेला येत असेल तर नटची (हेडस्टॉकजवळच्या, तारा टेकतात त्या पट्टीची) खाच बघायची. पहिल्या चार-पाच फ्रेटवर येत असेल तर नेक फार सरळ झाली आहे किंवा मागे झुकली आहे. वरच्या सगळ्याच फ्रेटवर असेल तर सॅडल खाली आहे किंवा नेकला बाक जास्त आहे. आणि एका ठरावीक सुरालाच येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. याच्याही आधी गिटार अँपला जोडून ऐका. नुसत्या कानाला ऐकू येणारी बरीच खरखर अँपमधून येतच नाही, आणि जी येत नाही तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

माझ्याकडे पहिली कुरकुर डिसेंबरात सुरू झाली. जाड ई आणि ए तार, पहिला ते चौथा फ्रेट, अँपमधूनही स्पष्ट. पावसाळ्यात हीच नेक ठणठणीत होती. हवा कोरडी पडली, लाकूड सुकलं आणि नेक मागे गेली. मोजायला फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा) लागतो. गिटारवाल्यांच्या दुकानातला महागडा घ्यायची गरज नाही, नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात टॅपेट सेट करायचा मिळतो तोच चालतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, जाड ई शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तारेखाली पाती सरकवायची. फेंडरच्या तक्त्यात ९.५ ते १२ इंच रेडियससाठी ही फट ०.०१० इंच, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर दिली आहे. माझ्याकडे सर्वांत पातळ ०.०५ मिमीची पातीसुद्धा तार उचलल्याशिवाय जात नव्हती.

उपाय ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या, तिचा बाक कमीजास्त करणाऱ्या सळईचा. हेडस्टॉककडून बघत घड्याळाच्या उलट दिशेने सैल केला की तारांचा ताण नेकला पुढे ओढतो. माझ्या गिटारला ४ मिमीची ॲलन की बसते. सगळ्या गिटारींना तीच बसेल असं नाही, अमेरिकन गिटारींना इंचातली लागते. ‘जवळपास बसते’ अशी की घालून जोर लावला तर रॉडच्या नटाचे कोपरे झिजतात, आणि मग ते काम घरचं राहत नाही. पाव फेरा, पुन्हा सूर लावणे, थोडं थांबणे, पुन्हा मोजणे. नेक हळूहळू जागेवर येते, लगेच अजून पाव फेरा देऊ नका. दोन वेळच्या पाव फेऱ्यात फट पाव मिलिमीटरवर आली आणि खालचा बझ गेला.

मग सॅडल. सतराव्या फ्रेटवर ४/६४ इंच, म्हणजे १.६ मिमी, हा फेंडरचाच आकडा. मी तारेच्या खालच्या कडेपासून मोजून तिथेच ठेवली. यूट्यूबवर एक मिलिमीटरच्या ॲक्शनची जी हौस चालते, ती ९.५ इंच रेडियसवर मोठा बेंड मारायचा (तार बाजूला खेचून सूर चढवायचा) असेल तर परवडत नाही. तार वळणावरून सरकत वरच्या फ्रेटला टेकते आणि सूर मरतो.

एवढं करूनही जी (G) तार बाराव्या फ्रेटवर झर्र करत होतीच. तेराव्यावर मात्र लख्ख. ही खूण लक्षात ठेवा : बारावर बझ आणि तेरावर नाही, म्हणजे चोर तेरावा. फ्रेट रॉकर, म्हणजे तीन फ्रेटवर आडवी टेकणारी सरळ धातूची पट्टी, बारा-तेरा-चौदावर ठेवली तर टकटक झुलत होती, पण फक्त पातळ तारांच्या बाजूला. तिथे फ्रेटचं टोक लाकडातून किंचित वर आलं होतं. नखाने दाबलं तर खालीवर व्हायचं. अशा वेळी कानस घेऊन बसायचं नाही. भोवती मास्किंग टेप, फटीत पातळ सुपरग्लूचा थेंब, वर लाकडाचा ठोकळा आणि क्लॅम्प. रॉकर झुलायचा थांबला, बझही गेला. घट्ट बसलेला फ्रेटच उंच असता तर घासून पुन्हा गोलाई द्यावी लागली असती, आणि त्या कामाचे पैसे जाणकाराला देणं मला योग्य वाटतं. बाकी काहीच बाहेर करून घेण्यासारखं नाही.

डी तारेची नटमधली खाच कारखान्यातूनच खोल आली होती. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबली तर पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसायला हवी. इथे तार सरळ टेकलेली. खाचेत चिमूटभर खायचा सोडा, वर फेविक्विकचा थेंब. क्षणात दगड होतो. जुन्या डी तारेचा तुकडा मागेपुढे करून नवी खाच पाडली. हाडाचा नट बसवणं यापेक्षा चांगलं, पण तोवर हे टिकतंय.

मजा अशी, की हीच करकर तंबोऱ्यात हवी म्हणून मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून घासून जवारी काढतात, तारेखाली सूत सरकवून ती नेमकी खुलवतात. तिथे तार आणि घोडी एकमेकींना किती हलक्या टेकतात यावर सगळा नाद. इथे तार धातूच्या फ्रेटवर आपटते आणि डिस्टॉर्शन लावलं की कानाला बोचते.

एक बझ मात्र फ्रेटचा नव्हताच. ए सुरालाच यायचा, नेकवर कुठेही वाजवा. एका हाताने ए छेडत दुसऱ्या हाताने एकेक भाग दाबत गेलो. तिसऱ्या ट्यूनरचा वायसर सैल निघाला. सॅडलचे स्क्रू आणि पिकअपखालच्या स्प्रिंगाही अशाच वाजतात, तेव्हा ट्रस रॉडला हात लावण्याआधी त्या तपासून घ्या.

आजची स्थिती अशी : जोरात स्ट्रमिंग केलं की जाड ई अजून थोडी खरखरते, अँपमधून ऐकू येत नाही, म्हणून सोडून दिली आहे. पुढच्या सेटला १०-४६ घालायचा विचार आहे. त्या जास्त ओढतील, नेक पुढे येईल, ट्रेमोलोही (स्प्रिंगांवर झुलणारी घोडी) उचलेल, म्हणजे मागच्या स्प्रिंगा आवळून फट आणि ॲक्शन दोन्ही पुन्हा मोजावी लागणार. त्यात जून येतोय, तेव्हा ते काम पहिला पाऊस पडून हवा बदलल्यावरच काढेन.