घरच्या खताचा डबा : नऊ महिने वापरून झाल्यावर

फेब्रुवारीत घेतला होता, आता नऊ महिने झाले, त्यामुळे लिहायला हरकत नाही. २०-२० लिटरचे दोन डबे, आत जाळी, खाली नळ, सोबत एक किलो कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) पावडर आणि एक छोटं प्लॅस्टिकचं फावडं जे दुसऱ्याच आठवड्यात तुटलं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण बहिणीकडे दुसऱ्या कंपनीचा आहे, तोही असाच.

खत होतं का, तर होतं. आम्ही घरात चार माणसं, रोजची भाजीची देठं, चहाचा चोथा, केळ्याची सालं, वर मूठभर पावडर, असा एक डबा महिना-सव्वा महिन्यात भरतो, मग तो झाकून ठेवायचा आणि दुसरा सुरू करायचा. मुरायला अजून महिना-दीड महिना. वास येत नाही, म्हणजे आला तर समजायचं की ओलं जास्त आणि सुकं कमी पडलंय.

माझी तक्रार वेगळीच आहे. खत करताना बाकी जे काय उरतं ना, त्याचं काय करायचं ते डब्यासोबत आलेल्या पुस्तिकेत जवळजवळ नाहीच, आणि खरा व्याप तोच आहे.

एप्रिलमध्ये कलिंगडं सुरू झाली आणि आम्ही शहाण्यासारखी सगळी सालं डब्यात टाकत गेलो. कलिंगड म्हणजे नुसतं पाणी हो. तळाशी इतका रस साठला की नळ उघडला तरी येईना, चोथा अडकलेला, म्हणून मी खालून काडी घातली आणि तो नळच निखळून हातात आला. काळा, आंबूस रस बाल्कनीतून थेट खालच्या मजल्यावर, आणि तिथे काकूंनी कुरडया वाळत घातलेल्या. पुढचं सांगत नाही. नवीन कुरडयांचा गहू मी आणून दिला एवढंच.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे मॅडम आमची पावडर जास्त वापरा. अहो पण एक किलो पावडर महिनाभरात संपते, दर वेळी कुठून आणू? शेवटी सुताराकडून भुसा आणला (लाकडाचा बघून घ्या, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो), त्यात सोसायटीतला वाळका पाला चुरून घातला आणि थोडं आंबट ताक शिंपडलं. चार महिने त्याच्यावरच चाललंय.

बरं, त्या रसाला पुस्तिकेत 'लिक्विड फर्टिलायझर' म्हटलंय, झाडांना घाला म्हणून. मी तसाच घातला, आठवड्यात मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या. त्यात क्षार असतात, आणि तळाशी हवा न लागता सडलेलं असेल तर आम्लही. आता दहापट पाण्यात घालून, तेही फुलझाडांनाच, कोथिंबीर-पालकाला नाही. फारच घाण वास असेल तर झाडांना घालतच नाही, सुक्या पाल्यावर ओतते आणि तो पाला परत डब्यात. गांडूळखतातून मिळतं ते वर्मीवॉश वेगळं, हे ते नाही, दुकानदार दोन्ही एकच म्हणून सांगतात.

मग चाळणं. ह्यासाठी चाळणी देत नाहीत, मी रेती चाळायची जुनी आणली. वर काय काय राहतं बघा: आंब्याच्या कोया, नारळाची शेंडी, अंड्याची टरफलं, लिंबाची सालं आणि सफरचंदावरचे स्टिकर, ते तर जसेच्या तसे, नंबरसकट! स्टिकर सुक्या कचऱ्यात. कोया आणि शेंडी कुंडीच्या तळाला, पाणी निथळायला. बाकी सगळी जाड चाळण पुढच्या डब्यात विरजण म्हणून घालायची, दह्यासारखंच हे, जुन्यातले जिवाणू नव्याला लागतात आणि काम लवकर सुरू होतं. हे कळल्यापासून पावडर विकत घेतलीच नाही.

अजून एक, मोठा ढीग लावला की आत ५५-६० अंशापर्यंत तापतो आणि बिया मरतात, ह्या एवढ्याशा डब्यात तेवढी ऊब धरतच नाही. त्यामुळे माझ्या तुळशीच्या कुंडीत सध्या टोमॅटोची सात रोपं आहेत. सासूबाईंनी दोन ठेवायला सांगितली आहेत. आणि पावसाळ्यात राखाडी जाड अळ्या दिसल्या तर किंचाळू नका (मी किंचाळले होते), ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, चावत नाहीत, उलट कचरा भराभर खातात.

खत झालंय की नाही हे कळायला वाटीत खत-माती निम्मी निम्मी घेऊन मेथीचे दाणे टाका, शेजारी नुसत्या मातीची वाटी. दोन्हीकडे सारखे उगवले तर खत तयार. आमच्या सोसायटीत '२४ तासात खत' वालं मशीन आहे, त्याची पूडही मी अशीच लावून बघितली, तिसऱ्या दिवशी वाटीवर पांढरी बुरशी आणि वीसातले दोन दाणे उगवले. ते वाळवलेलं अन्न आहे हो, खत नाही, पाणी लागलं की परत सडायला सुरुवात. निदान महिनाभर ढिगात मुरवलं तर चालेल, कमिटीला सांगितलंय, बघू.

तर डब्याला साडेतीन स्टार. अर्धा नळाचा कापला, एक पुस्तिकेचा. नळ मी हार्डवेअरच्या दुकानातून पितळेचा आणून बसवलाय, आत जाळीचा तुकडा लावून, तेव्हापासून थेंब नाही. घेणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा, आणि खाली परात ठेवा.