बोट खरी, कंपनी खरी, खातं मात्र चोराचं: स्प्लिटच्या सेलिंग ट्रिपमध्ये आम्हाला कसं फसवलं

क्रोएशियातल्या स्प्लिटहून शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घेऊन बेटं फिरायचा विचार कोणी करत असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे पूर्ण वाचा. आमचं बोटीचं सगळं भाडं गेलं, आणि गेलं ते अशा पद्धतीने की बोट खरी होती, कंपनी खरी होती, कंपनीचा नंबर सरकारी रजिस्टरमध्ये बरोबर निघत होता, फक्त ज्या माणसाशी आम्ही इतके महिने बोलत होतो तो त्या कंपनीचा नव्हता. कंपनी चेक करा, रिव्ह्यू बघा, रजिस्ट्रेशन बघा असे जे सल्ले मिळतात ते सगळे पाळूनही हे होतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आम्ही तीन कुटुंबं, सगळे युरोपातच कामाला. स्प्लिट निवडलं कारण मुलांना इतिहास आणि समुद्र दोन्ही एकाच ठिकाणी मिळणार होतं. रोमन बादशहा डायोक्लेशन गादी सोडून 305 च्या सुमारास ज्या राजवाड्यात राहायला आला त्या राजवाड्याच्या भिंतींच्या आतच आजचं जुनं शहर वसलंय, लोक तिथे राहतात, दुकानं आहेत, आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की समोर रिवा, म्हणजे किनाऱ्यावरचा फिरायचा रस्ता, आणि समुद्र. बेटं पण लांब नाहीत, शोल्ता आणि ब्राच अगदी समोर, त्यांच्या मागे ह्वार, आणि सगळ्यात बाहेर विस, जे युगोस्लाव्ह सैन्याचा तळ असल्यामुळे 1989 पर्यंत परदेशी लोकांसाठी बंदच होतं. उन्हाळ्यात दुपारी माएस्त्राल नावाचा वायव्येचा वारा येतो, हवा चांगली असली की तो भरवशाचा असतो, त्यामुळे घरच्यांना घेऊन शीड चालवायला हा भाग उत्तम आहे. माझ्या धाकट्या दिरांकडे बोटीचं लायसन्स आणि व्हीएचएफ रेडिओचं (बोटीवरच्या वायरलेसचं) सर्टिफिकेट दोन्ही आहे, म्हणजे स्किपरचा, बोट चालवणाऱ्या कप्तानाचा, प्रश्न घरातच सुटला होता.

आता तिथे बोट भाड्याने कशी मिळते ते थोडं सांगते, कारण फसवणूक नेमकी या पद्धतीत बसवलेली होती. सीझनमध्ये आठवडा शनिवार ते शनिवार असतो, शनिवारी संध्याकाळी बोट ताब्यात मिळते आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तळावर, म्हणजे कंपनीच्या बोटी उभ्या असतात तिथे, परत आणायची असते. साधारणपणे बुकिंगला अर्धे पैसे आणि उरलेले निघायच्या महिनाभर आधी. सिक्युरिटी डिपॉझिट वेगळं, ते बोटीवर चढताना तळावरच घेतात, बहुतेक वेळा क्रेडिट कार्डवर रक्कम ब्लॉक करतात. आणि एकच बोट ढीगभर एजन्सींच्या साइटवर दिसते कारण सगळ्या एजन्सी त्याच दोन-तीन बुकिंग सिस्टिममधून माहिती घेतात. म्हणजे तीच बोट, तेच फोटो, पाच वेगवेगळ्या साइटवर दिसले तरी त्यात काही गैर नसतं. चोराला हेच सोयीचं पडतं, सहावी साइट त्याची असली तरी कोणाला वेगळं वाटत नाही.

आम्हाला जी साइट मिळाली ती सर्चमध्ये वरच जाहिरात म्हणून आली. चार केबिनची पंचेचाळीस फुटी बोट, ऑगस्टचा आठवडा. या साइजच्या बोटीला भर सीझनमध्ये साधारण चार ते सहा हजार युरो पडतात, इथे भाव साडेतीन हजारांच्या आतबाहेर होता. म्हणजे संशय यावा इतका स्वस्त नाही, हे महत्त्वाचं. अर्ध्या किमतीत देतो म्हणाला असता तर आम्ही तिथेच बंद केलं असतं.

दुसऱ्या एजन्सींच्या कॅलेंडरवर तोच आठवडा त्याच बोटीला बुक झालेला दिसत होता. हे आमच्या लक्षात आलं होतं आणि आम्ही विचारलंही होतं. उत्तर आलं की एजन्सींना दिलेला कोटा संपलाय, पण बोटीच्या मालकाच्या हक्काचे आठवडे असतात, त्यातला हा एक तो वापरणार नाहीये म्हणून आम्ही थेट देतोय. आता मालकाचे आठवडे ही गोष्ट खरी असते. बरेच लोक बोट विकत घेऊन कंपनीला चालवायला देतात आणि बदल्यात वर्षातले काही आठवडे स्वतःसाठी ठेवतात. हा माणूस धंदा आतून ओळखणारा होता. त्याचं प्रत्येक उत्तर अशा एखाद्या खऱ्या गोष्टीवर उभं होतं.

कंपनी आम्ही तपासली. क्रोएशियात प्रत्येक कंपनीला अकरा आकडी ओळख नंबर असतो, त्याला ओआयबी म्हणतात, आणि कोर्टाचं कंपनी रजिस्टर कोणालाही फुकट बघता येतं. नंबर टाकला, कंपनी निघाली, पत्ता जुळला. युरोपियन युनियनच्या व्हॅट तपासायच्या साइटवर क्रोएशियाची एचआर ही अक्षरं आणि पुढे तोच नंबर टाकला, तिथेही व्हॅलिड. रिव्ह्यू चांगले, अनेक वर्षांचे. हे सगळं खऱ्या कंपनीचं होतं, त्याने फक्त उचलून आपल्या साइटवर लावलं होतं. साइटचा पत्ता खऱ्या कंपनीच्या पत्त्यासारखाच, मध्ये एक आडवी रेघ जास्त आणि शेवट वेगळा. फोन नंबर पण क्रोएशियाचा, फोन लावला की एक माणूस शांतपणे चांगल्या इंग्लिशमध्ये बोलायचा, मागे मरीनामध्ये, म्हणजे अशा बोटी लावायच्या बंदरात, असतात तसे आवाज, शिडाच्या दोऱ्या डोलकाठीवर आपटतात तो टकटक आवाज सुद्धा ऐकू यायचा. तो खरंच कुठे बसलेला होता देव जाणे.

बँकेचं खातं लिथुआनियाचं होतं. आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते नंबर, त्याची सुरुवातीची दोन अक्षरं देश सांगतात, क्रोएशियाचा आयबॅन एचआर ने सुरू होतो, हा एलटी ने. विचारलं तर म्हणाला परदेशी पाहुण्यांसाठी आमचं युरो खातं तिकडे आहे, पूर्वी आमचं चलन कुना होतं ना तेव्हापासून. ऐकायला पटतं. पण क्रोएशियात 1 जानेवारी 2023 पासून युरोच चालतो, तिथल्या साध्या खात्यातही युरोच असतात, त्यामुळे स्प्लिटच्या कंपनीला युरो घ्यायला बाहेरच्या देशात खातं लागायचं काहीच कारण उरत नाही. परदेशात खातं असलं म्हणजे चोर असं नाही, पण हे कारण देणारा माणूस खोटं बोलतोय एवढं पक्कं समजा.

आधी अर्धे पैसे पाठवले. कॉन्ट्रॅक्ट आलं, व्यवस्थित, अटी वगैरे सगळ्या. मग मे मध्ये मेल आला की उरलेले आत्ताच भरले तर पाच टक्के सूट, ते पण भरले. जून संपताना त्याने डिपॉझिट पण आधीच ट्रान्सफर करायला सांगितलं, म्हणजे अजून दोन हजार युरो. इथे दीर म्हणाले, वहिनी थांबा, डिपॉझिट तळावर घेतात, मी ग्रीसमध्ये बोट घेतली होती तेव्हा कार्डावरच घेतलं होतं. आम्ही तसं लिहिलं, आणि तो लगेच मान्य, काही हरकत नाही, तळावर द्या. एवढ्या सहज ऐकल्यामुळे उलट सगळ्यांना हायसं वाटलं. आता कळतं की भाडं त्याच्या खिशात गेलेलंच होतं, दोन हजारांसाठी वाद घालून आम्हाला सावध करण्यात त्याचंच नुकसान होतं.

निघायच्या आठवडाभर आधी बोर्डिंग पास आला. खऱ्या कंपन्या पण पूर्ण पैसे मिळाले की असा कागद पाठवतात, त्यावर बोटीचं नाव, तळाचा पत्ता, धक्क्याचा नंबर, वेळ सगळं असतं. आम्ही तो प्रिंट काढून फाइलला लावला.

तळ स्प्लिटजवळच्या कास्तेलाच्या मरीनामध्ये होता, स्प्लिटचा विमानतळ तिकडेच आहे, त्यामुळे आम्ही सरळ सामान घेऊन तिथेच गेलो. शनिवारी दुपारी ही मरीना म्हणजे नुसती लगबग असते, परत आलेल्या बोटी धुणं चालू, चादरींचे गठ्ठे, किराण्याच्या ढकलगाड्या, पाण्याचे बॉक्स. आणि धक्क्यावर आमची बोट समोर उभी. तेच नाव, फोटोत दिसणारं निळं बिमिनी (उन्हासाठीचं कापडी छत), मागच्या बाजूला लाकडी फळ्यांवर तोच ओरखडा. मुलं पळत गेली. बोटीवर दुसरीच माणसं सामान चढवत होती, पोलंडचं एक कुटुंब, त्यांना वाटलं आम्ही धक्का चुकलो.

ऑफिसमधल्या बाईंनी आमचा बोर्डिंग पास हातात घेतला, काही न बोलता त्यांचा स्वतःचा एक पास ड्रॉवरमधून काढून शेजारी ठेवला. लोगो एकच. त्यांच्या पासवर खाली क्रूची यादी आणि स्किपरच्या लायसन्सचा नंबर होता, आमच्यावर ती जागाच नव्हती. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडून लायसन्सची कॉपी कधी मागितली होती? आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो, कारण कधीच मागितली नव्हती. दिरांनी स्वतःहून पाठवली होती, त्यावर नुसतं थँक्यू आलं होतं.

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त सांगायचाय. क्रोएशियात स्किपरशिवाय बोट घेताना बोट चालवणाऱ्याकडे तिथल्या सरकारला मान्य असलेलं लायसन्स आणि व्हीएचएफचं सर्टिफिकेट लागतं, कोणत्या देशाची कोणती लायसन्सं चालतात त्याची यादी तिथलं समुद्र खातं प्रसिद्ध करतं, आणि बोटीवर कोण कोण आहे त्याची यादी कंपनीला बोट सुटायच्या आधी ऑनलाइन सरकारी सिस्टिममध्ये भरावी लागते. लायसन्स चालत नसेल तर कंपनीला बोट देताच येत नाही, म्हणून खरी कंपनी या कागदांसाठी तुमच्या मागे लागते, जन्मतारखा, पासपोर्ट नंबर, सगळ्यांचे, आणि लायसन्स मान्य यादीत आहे का हे स्वतः बघून सांगते. ज्याला बोट द्यायचीच नाहीये त्याला या कागदांचं काय करायचंय. पैशांचे मेल वेळेवर येतायत आणि कागदांबद्दल कोणी विचारत नाहीये असं झालं तर तिथेच थांबा.

त्या बाई आमच्याशी फार चांगल्या वागल्या हे पण लिहायला हवं. मुलांना आत पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, दुसरी बोट मिळते का म्हणून शेजारच्या कंपन्यांना फोन लावले. ऑगस्टच्या शनिवारी काही मिळणार नव्हतं, मिळालं नाही. त्या सीझनमध्ये असा कागद घेऊन येणारे आम्ही पहिले नव्हतो असं त्यांनीच सांगितलं. त्यांची कंपनी सुद्धा यात भरडली जातेय, लोक त्यांच्याच नावाने वाईट रिव्ह्यू लिहितात. म्हणून मी पण कंपनीचं नाव इथे देत नाहीये, त्यांचा काहीही दोष नाही.

स्प्लिटच्या पोलिसांनी तक्रार नीट लिहून घेतली, वेळ लागला पण टोलवाटोलवी नाही केली. तक्रारीची कॉपी मागून घ्या, आमच्या बँकेने त्याशिवाय पुढे काही हलवलं नसतं. बँकेने पैसे परत मागायची रिक्वेस्ट टाकली, समोरच्या बँकेचं उत्तर आलं की खातं रिकामं आहे. बँक ट्रान्सफरचं हे असंच असतं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेले असतात त्यामुळे कार्डासारखं चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येत नाही. त्या खात्याचं नाव कंपनीचं नव्हतंच, कुठल्यातरी एका माणसाचं होतं, पण आम्ही कंपनीचं नाव टाकून पैसे पाठवले आणि ते गेले, कारण तेव्हा बँका नाव आणि आयबॅन जुळतं का हे बघत नव्हत्या. 9 ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ही तपासणी बंधनकारक झालीय, पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवर नाव जुळतंय की नाही ते येतं. जुळत नाही असं आलं आणि समोरचा म्हणाला ते आमच्या पेमेंट एजंटचं नाव आहे, काळजी नको, पुढे जा, तर अजिबात पुढे जाऊ नका.

मग आम्ही काय केलं तर ब्राचला सुपेतारची फेरी घेतली, तिथे एक घर मिळालं, मुलं पोहली. सुट्टी म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, मोठ्यांचा निम्मा वेळ फोनवर गेला.

परत कधी बोट घेतली तर मी एकच गोष्ट वेगळी करणार, आणि तुम्हालाही तेच सांगते. बोट कुठल्या मरीनामध्ये उभी असते ते प्रत्येक जाहिरातीत लिहिलेलं असतं. त्या मरीनाच्या रिसेप्शनला फोन करायचा, नंबर मरीनाच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचा, आणि त्यांना विचारायचं की या कंपनीचं तुमच्याकडचं ऑफिस कोणतं, त्यांचा नंबर द्या. त्या नंबरवर फोन करून बोटीचं नाव, आठवडा आणि मेलमधला आयबॅन शेवटच्या आकड्यापर्यंत वाचून दाखवायचा. मेलच्या खाली दिलेल्या नंबरवर नाही, कॉन्ट्रॅक्टवरच्या नंबरवर पण नाही, कारण ते दोन्ही त्यानेच लिहिलेले असतात. फोनचे पैसे पडतील, समोरच्याचं इंग्लिश अडखळेल, पण पाच मिनिटात कळेल. आणि शक्य असेल तर कार्डने भरा, दोन-तीन टक्के जास्त लावले तरी.

ती साइट सप्टेंबरमध्ये बंद झाली. नंतर माझ्या जावेला तीच बोट, तेच फोटो दुसऱ्या नावाच्या साइटवर दिसले, तळ स्प्लिटऐवजी त्रोगीर लिहिलाय, भाव थोडा कमी. आम्ही लिंक पोलिसांना आणि खऱ्या कंपनीला पाठवली आहे. तुम्ही असे मेल कोणाशी करत असाल तर एकही डिलीट करू नका, फॉरवर्ड करून किंवा स्क्रीनशॉट काढून भागत नाही, मूळ मेल हेडरसकट (मेल कुठून कसा आला ती आतली माहिती) सेव्ह करून ठेवा, आमच्या तक्रारीत पोलिसांनी सगळ्यात आधी तेच मागितलं होतं.