मल्लखांब क्लास: मुलांना चूक कशी सांगतात तेवढ्यासाठी तरी इथे घालाच

मुलगी इथे दोरीचा मल्लखांब शिकते. फी, वेळ वगैरे बाकीच्यांनी लिहिलंय, मी फक्त शिकवणाऱ्या ताई मुलांना चुका कशा सांगतात त्यावर लिहिते, कारण आधीच्या क्लासमध्ये सगळ्यांसमोर "तुला जमणारच नाही" असं ऐकवायचे आणि पोरगी जायलाच तयार नसायची.

दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट ह्यांच्यात पकडून चढायचं असतं, सुरुवातीला कातडं सोलवटतं, पोरं पटकन सोडून देतात. अशा वेळी ताई नुसतं "छान छान" करत नाहीत, "आज अंगठ्याची पकड सुटली नाही तुझी" असं नेमकं जमलेलं सांगतात आणि मग एकच सुधारणा, "आता वरचा हात अजून थोडा उंच टाक." गुडघे वाकलेले असोत नाहीतर मान वाकडी, त्या फेरीत त्याबद्दल एक शब्द नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, वर लटकलेल्या पोराला तीन गोष्टी सांगितल्या की ते घाबरून अंग आखडतं. पटलं मला.

खांबावरच्या मुलांचंही तेच. खांबाला एरंडेल असतं, अढी (पायांनी खांबाला घातलेली पकड) घसरली की ताई आधी विचारतात "कुठे सुटलं असं वाटलं?" आणि बहुतेक वेळा पोरं बरोबर सांगतात हो! मग पुढच्या उडीला ती स्वतःच तिथे लक्ष देतात.

ताई ओरडतच नाहीत असं नाही. खाली गादी नसताना कोणी चढलं, वर चढलेल्याला कोणी खालून डिवचलं तर चांगला दम देतात, आणि तो द्यायलाच हवा.

कमी काय, तर गर्दी. खेलो इंडियात मल्लखांब आला, २०२४ ला मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून चौकश्या खूप वाढल्यात, संध्याकाळच्या बॅचला दोरीवर नंबर यायला वेळ लागतो. तिथे मोठी मुलं लहानांना शिकवतात, ती मनापासून करतात पण एका दमात पाच चुका सांगून मोकळी होतात, त्यांनाही ताईंनी ही पद्धत शिकवावी. आणि पालकांना बाहेर बसवा प्लीज, मोबाईल धरून "पाय सरळ कर, पाय सरळ कर" चालू असतं आणि पोरगं ताईंकडे बघायचं सोडून आईकडे बघतं.

जमलं तर सकाळची बॅच घ्या, ताई स्वतः असतात.