हार्डांगरविद्दा या नॉर्वेतल्या पठारावरच्या डीएनटी केबिन: कमी खर्चात फिरणाऱ्याने किती रात्री घ्याव्यात?

नॉर्वेत रात्रीचा मुक्काम फुकट होऊ शकतो. मोकळ्या निसर्गात वावरण्याच्या हक्काविषयीच्या १९५७ सालच्या कायद्यानुसार लागवडीखाली नसलेल्या मोकळ्या जमिनीवर, कोणाच्याही राहत्या घरापासून वा केबिनपासून किमान १५० मीटर अंतर राखून, तंबू ठोकण्याची मुभा सर्वांना आहे. तुम्ही त्या देशाचे नागरिक आहात की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यामुळे गेल्या ऑगस्टमध्ये पाठीवर सॅक टाकून, जमेल तिथे लिफ्ट मागत बारा दिवस फिरण्याचा बेत आखला, तेव्हा डोंगरातल्या केबिनसाठी पैसे मोजण्याची कल्पना मला अजिबात पटली नव्हती. प्रत्यक्षात बारापैकी तीन रात्री मी केबिनमध्ये काढल्या, आणि त्या तीन रात्रींबद्दल माझी तक्रार नाही. मात्र बाराच्या बारा रात्री तिथे काढल्या असत्या, तर परतीच्या तिकिटाखेरीज खिशात फारसे काही उरले नसते, हेही आधीच सांगून ठेवतो.

या केबिन डीएनटी या संस्थेच्या आहेत. नॉर्वेतील गिर्यारोहकांची आणि डोंगरभटक्यांची ही संघटना १८६८ साली स्थापन झाली. आज देशभर तिच्या आणि तिच्या स्थानिक शाखांच्या मिळून पाचशेहून अधिक केबिन आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटांवर दगडांवर लाल रंगात इंग्रजी टी हे अक्षर रंगवलेले असते. केबिनचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात कर्मचारी असतात आणि तयार जेवण मिळते. तिथला एका रात्रीचा खर्च आपल्यासारख्याने विचारूही नये. दुसऱ्या प्रकारात माणूस कोणी नसतो, पण शिध्याची कोठी, लाकूडफाटा, गॅस, भांडी आणि रजया असतात. तिसऱ्यात शिधाही नसतो. हा परिचय दुसऱ्या प्रकाराचा आहे, कारण खिसा सांभाळून फिरणाऱ्याच्या खरोखर कामाचा तोच आहे.

ऑस्लोहून बर्गेनच्या गाडीने मी फिन्सेला उतरलो. १,२२२ मीटर उंचीवरचे हे स्थानक नॉर्वेच्या रेल्वेवरील सर्वांत उंच स्थानक आहे आणि तिथे मोटारीचा रस्ता पोहोचत नाही. अंटार्क्टिकाच्या मोहिमेपूर्वी शॅकल्टनने १९१४ साली आपले सामान इथेच तपासून पाहिले होते, हे वाचून मी माझ्या तीन हजार रुपयांच्या रेनकोटकडे जरा काळजीनेच पाहिले. फिन्सेहून हार्डांगर हिमनदीच्या कडेने दक्षिणेला शेल्देबू या केबिनपर्यंत चालायला सुमारे सात तास लागतात. माझी निम्मी वाट पावसात गेली. वाऱ्यामुळे पाऊस आडवा येत होता. सह्याद्रीतल्या पावसात भिजून माणूस थंड होतो, पण घाबरत नाही; इथे पाच-सहा अंश तापमानात बोटे सॅकचे बक्कल उघडेनाशी झाली, तेव्हा तंबू लावण्याचा विचार मी सोडून दिला.

केबिनचे कुलूप एका ठरावीक चावीने उघडते. डीएनटीच्या कुलूपबंद केबिनपैकी बहुतेकांना हीच चावी चालते, ती फक्त सदस्यांना अनामत रक्कम भरून मिळते, आणि शहरातल्या कार्यालयातून ती आधीच घेऊन ठेवावी लागते. डोंगरात गेल्यावर चावी आठवून उपयोग नाही. आत बुटांसाठी वेगळी खोली, तिच्यापुढे स्वयंपाकघर, आणि मधोमध लोखंडी शेगडी. शेगडीजवळच्या पेटीत बर्चची साल आणि बारीक चिरलेली लाकडे कोणीतरी आमच्यासाठी रचून ठेवली होती. मी शेगडीची झडप उघडायला विसरलो आणि दोन मिनिटांत खोलीभर धूर केला. माझ्याआधी येऊन पोहोचलेल्या जर्मन बाईंनी काही न बोलता उठून झडप उघडली आणि पुन्हा पुस्तक वाचायला बसल्या. अर्ध्या तासात वरच्या दोरीवर आमचे सहा मोजे वाळत होते.

कोठीत भात, पास्ता, ओट्स, कडक कुरकुरीत पाव, सूपची पाकिटे, दूध पावडर, फळांचे आणि मांसाचे डबे असतात. दर खाली दुकानात पडतात त्यापेक्षा चढे असतात, पण हा माल वर पोहोचवण्याचे कष्ट पाहता ते अवाजवी वाटत नाहीत. शाकाहारी माणूस उपाशी राहणार नाही. मात्र सूपच्या पाकिटावरचा मजकूर नीट वाचावा, कारण भाजीचे चित्र असलेल्या पाकिटातही कधी कधी मांसाचा अर्क निघतो. मी कोठीतला भात घेतला आणि घरून नेलेले मेतकूट व तुपाची लहान डबी काढली. वाफेच्या भातावर मेतकूट पडल्यावर जो वास सुटला, त्याने जर्मन बाईंनाही पुस्तक मिटावे लागले. पाणी ओढ्यावरून बादलीने आणायचे, शौचालय बाहेर, आणि निघताना भांडी घासून, केर काढून, लाकडे फोडून, बादल्या भरून, गॅस बंद करून आपला कचरा सॅकमधून खाली न्यायचा. कामवाली बाई, वॉचमन आणि मॅनेजर या तिन्ही भूमिका पाहुण्यानेच करायच्या असतात.

आता पैशांविषयी. वसुलीला कोणी येत नाही. पूर्वी एका कागदावर मुक्काम आणि घेतलेला शिधा लिहून तो भिंतीवरच्या लोखंडी पेटीत टाकत. आता बहुतेक जण फोनवरून भरतात. या व्यवस्थेचे वर्णन अनेकदा भाबड्या विश्वासाची गोष्ट म्हणून केले जाते, पण ते मला पटत नाही. आत शिरताच वहीत नाव, सदस्य क्रमांक, कुठून आलो आणि उद्या कुठे जाणार हे लिहावे लागते. ही नोंद हरवलेल्या माणसाचा माग काढायला उपयोगी पडते आणि हिशोबालाही. विश्वास आहेच, पण त्याची नोंदवही नीट ठेवलेली आहे. चार पानांच्या नोंदींत पुण्याचे नाव माझ्याच ओळीत होते.

सदस्याला पडणारा एका रात्रीचा दर ऑस्लोतल्या वसतिगृहातील सामायिक खोलीतल्या एका खाटेच्या आसपास जातो. बिगरसदस्याला तो बराच जास्त पडतो, आणि फरक इतका आहे की पाच-सहा रात्रींत वर्षाची वर्गणी वसूल होते; पंचविशीच्या आतल्यांना वर्गणीच कमी असल्याने त्याहूनही लवकर. मी तीनच रात्री राहिलो, म्हणजे निव्वळ हिशोबात थोडा तोट्यातच गेलो. तरीही ऑस्लोत ज्या वसतिगृहात पहिली रात्र काढली, तिथे चादरीचे आणि टॉवेलचे वेगळे पैसे घेऊन बारा जणांच्या खोलीत झोपवले होते, आणि स्वयंपाकघरातल्या चार शेगड्यांपैकी एकच चालत होती. त्याच पैशांत शेल्देबूला मला रजई, उशी आणि स्वतः फोडलेल्या लाकडांची ऊब मिळाली. रजईखाली घालायची पातळ चादर मात्र स्वतःची न्यावी लागते.

पाऊस थांबेना, म्हणून दुसरी रात्रही तिथेच काढली. एव्हाना माणसे वाढली होती आणि उशिरा आलेल्या दोघांनी दिवाणखान्यात गाद्या टाकल्या. जागा भरली म्हणून कोणाला पावसात परत पाठवत नाहीत. ज्यांना रात्री स्वतंत्र खोली आणि शांतता हवी, त्यांनी हे लक्षात घेऊनच जावे.

केबिनचा सर्वांत मोठा फायदा मला तिसऱ्या दिवशी, रस्त्यावर कळला. पठार उतरून मी व्होरिंग्सफोसेन या १८२ मीटरच्या धबधब्यापाशी सातव्या क्रमांकाच्या महामार्गावर आलो आणि आइडफ्योर्ड गावाच्या दिशेने अंगठा दाखवत उभा राहिलो. वळणावर उभा होतो, त्यामुळे तास-सव्वा तास एकही गाडी थांबली नाही. थांबायला जागाच नव्हती. मग धबधब्याच्या वाहनतळाच्या तोंडाशी गेलो आणि गाडीत बसणाऱ्यांना थेट विचारले. तिसऱ्या माणसाने, एका वायरमनने, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले, सॅक कोरडी असल्याची खात्री करून घेतली आणि मगच तारांच्या भेंडोळ्यांशेजारची जागा मोकळी केली. दोन दिवस तंबूत भिजून, ओल्या लोकरीच्या वासासह मी तिथे उभा असतो, तर त्याने मला नक्कीच घेतले नसते. नॉर्वेत लिफ्ट मागणे गैर नाही, फक्त जलदगती मार्गावर उभे राहू नये. फेरीच्या धक्क्यावर गाड्या रांगेत थांबतात, तिथे विचारणे सर्वांत सोपे जाते.

केबिनमधली तिसरी रात्र मी हाडलास्कार या केबिनमध्ये घेतली, होर्टाइगेन या १,६९० मीटरच्या चौकोनी डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर. त्या रात्री आकाश स्वच्छ होते, वारा पडला होता, आणि झोपताना मला मनापासून वाटले की आज तंबूच लावायला हवा होता. म्हणून माझे मत असे की चावी आणि सदस्यत्व घेऊनच पठारावर चढावे, तंबूही न्यावा, आणि हवामानाचा अंदाज पाहून दर संध्याकाळी ठरवावे. वादळी रात्री ही केबिन पूर्ण पैसे वसूल करून देते. चांगल्या रात्री ती थोडी महागडी चैन आहे.

जाण्याचा काळ मात्र नीट निवडावा. पठारावर जुलैतही बर्फाचे पट्टे राहतात, आणि ओढ्यांवरचे हलके उन्हाळी पूल सप्टेंबरमध्ये काढून घेतले जातात, त्यामुळे उशिरा जाणाऱ्याने निघण्यापूर्वी त्या भागातील शाखेकडे पुलांची चौकशी जरूर करावी.