पेजस्वॅप आणि पेजरिव्हील : आठ महिने वापरल्यानंतर

नाशिकच्या भांडी बाजारात मामांचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. त्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक भांड्याचं वेगळं साधं एचटीएमएल पान, फ्रेमवर्क नाही. आठ महिन्यांपूर्वी सगळ्या पानांच्या सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) ‘ॲट व्ह्यू-ट्रान्झिशन’ हा पान बदलताना ॲनिमेशन, म्हणजे ट्रान्झिशन, दाखवणारा नियम टाकून नॅव्हिगेशन ऑटो केलं. तेवढ्यावरच पाव सेकंदात एक पान विरून दुसरं येऊ लागलं. पण मला यादीतल्या घंगाळाचा छोटा फोटो मोठा होत त्याच्या पानावर जाऊन बसायला हवा होता.

त्यासाठी पेजस्वॅप. जुनं पान सोडताना हा इव्हेंट, म्हणजे ब्राउझरची सूचना, येतो आणि त्यातल्या ॲक्टिव्हेशनवरून गिऱ्हाईक कुठल्या पत्त्यावर निघालंय ते कळतं. फक्त त्याच फोटोला व्ह्यू-ट्रान्झिशन-नेम द्यायचं, म्हणजे दोन्ही पानांवरच्या फोटोंची जोडी जुळवणारं नाव.

इथेच मी दोन आठवडे अडकलो. घंगाळ पाहून बॅक केलं, मग समईवर टॅप केलं की ॲनिमेशन गायब! बॅक केल्यावर ब्राउझर पान नव्याने लोड करत नाही, बीएफकॅशमधून, म्हणजे नुकतीच पाहिलेली पानं जपणाऱ्या साठ्यातून, जसंच्या तसं उचलतो. घंगाळाला दिलेलं नाव तिथेच चिकटलेलं होतं, आणि समईलाही तेच नाव मिळालं. एका नावाचे दोन फोटो सापडले की अख्खं ट्रान्झिशन रद्द होतं. आता ट्रान्झिशन संपल्याचं कळवणारं फिनिश्ड प्रॉमिस पूर्ण झालं की नाव काढून टाकतो. हे पहिल्या दिवसापासून करा, फार त्रास वाचेल.

पेजरिव्हील हा दुसरा इव्हेंट नवीन पान पहिल्यांदा स्क्रीनवर दिसण्याआधी येतो. त्याचा लिसनर (इव्हेंट आला की चालणारा कोड) उशिरा चालणाऱ्या मॉड्यूल स्क्रिप्टमध्ये ठेवलात तर इव्हेंट आधीच निघून गेलेला असू शकतो. पानाच्या सुरुवातीच्या हेड भागात साधी स्क्रिप्ट ठेवा, ती उशिरा चालवणारं डिफर नको.

क्रोम १२६ आणि सफारी १८.२ पासून हे चालतं. फायरफॉक्स १४४ मध्ये एकाच पानातलं ट्रान्झिशन आलं, दोन पानांमधलं नाही. तिथे पान नेहमीसारखं उघडतं. सुरगाण्याकडे नेटवर्क अडखळलं आणि चार सेकंदांत पान आलं नाही, तर क्रोमही ॲनिमेशन सोडून देतो. विक्री कुठेच अडत नाही, म्हणून माझा यावर भरवसा बसला. आईला हलत्या स्क्रीनने गरगरतं, तिच्या फोनवर ॲनिमेशन बंद आहे. त्यामुळे सगळा नियम प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशनच्या अटीत ठेवलाय.

सगळ्यात सुंदर काम परतीचं. यादीच्या पेजरिव्हीलमध्ये ‘कुठून आलो’ हे वाचून त्याच फोटोला नाव दिलं, की तो लहान होत आपल्या जागी जातो. गिऱ्हाइकाला मोबाइल दाखवताना मामा मुद्दाम बॅक करतात. म्हणतात, ‘‘बघा, हंडा फळीवर परत ठेवला.’’