नवी मुंबईत गोल्फ कुठे खेळायचा? नऊ महिन्यांनंतरचा हिशोब

गोल्फकडे मी वळलो तो गुडघ्यामुळे. सेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी बॅडमिंटन बंद करायला लावलं आणि म्हणाले, चाला. नुसतं चालायचा मला भयंकर कंटाळा. आमच्या नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यानातल्या तलावाला चार फेऱ्या मारल्या की तीच माणसं चारदा भेटतात आणि चारही वेळा हसावं लागतं. ऑफिसातले एक वरिष्ठ म्हणाले, गोल्फ खेळ, पाच-सहा किलोमीटर चालणं होतं आणि कळतही नाही. बायको म्हणाली, "अरे, ज्वेलला फुकट चालता येतं." बरोबरच होतं तिचं. तरीही गेल्या ऑक्टोबरात सुरुवात केली ती आजपर्यंत चालू आहे. मधल्या काळात तीन-चार ठिकाणी खेळून झालं, म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. आपल्याकडे गोल्फचं मैदान निवडताना गवत कसं, ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) कसं हे नंतर येतं. पहिला प्रश्न असतो, दार कोणाला उघडं आहे? चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी 1927 पासूनचं, 18 होलचं (एक होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून बॉल खड्ड्यात पडेपर्यंतचा एक टप्पा), नेरूळहून अगदी जवळचं. पण ते क्लबचं मैदान आहे. सदस्य व्हा किंवा सदस्याचा हात धरून जा. विलिंग्डनचंही तेच. कुलाब्याचं यूएस क्लब सैन्यदलाच्या अधिकाऱ्यांचं. म्हणजे नकाशावर चार हिरवे ठिपके दिसतात, पण तुमच्या-माझ्यासारख्याला सकाळी उठून, पैसे भरून, थेट खेळता येईल असा ठिपका एकच उरतो: सिडकोचं खारघर व्हॅली. पुण्याला किंवा अँबी व्हॅलीला जाऊन खेळणारेही आहेत, पण ती सहल झाली, दर शनिवारचा खेळ नाही.

मी मात्र खारघरला पोचायला पाच महिने लावले. त्याचं कारण घराजवळची ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे नुसत्या फटक्यांचा सराव करायची जागा. नाव घेत नाही. जाळी लावलेली, हिरव्या मॅटच्या दहा-बारा जागा, संध्याकाळी दिवे, बाहेर चहा. ऑफिसातून परतताना सहज जाता येतं. शंभर बादल्यांचं प्रीपेड कार्ड घेतलं तर सवलत होती, मी घेतलं. बादलीत पन्नास बॉल म्हणून सांगतात, मी तीनदा मोजले, एकदाही पंचेचाळीसच्या वर गेले नाहीत. त्यातले निम्मे इतके झिजलेले की अंगावरच्या खळग्या बोटाला लागत नव्हत्या. आता बॉलवरच्या खळग्या काही शोभेच्या नसतात. त्यांच्यामुळे हवा बॉलच्या पृष्ठभागाला जरा जास्त वेळ चिकटून राहते, मागे ओढणारी पोकळी लहान होते आणि बॉल लांब जातो. गुळगुळीत बॉल तेवढ्याच फटक्याला जवळपास निम्म्यावर पडतो. म्हणजे तिथे बॉल कुठे पडला यावरून आपला फटका कसा बसला ते कळतच नाही.

पण बॉलपेक्षा मोठी फसवणूक मॅटची. हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझे पाच महिने यातच गेले. बॉल मारायच्या काठीलाही क्लबच म्हणतात, आणि त्यातल्या सपाट धातूच्या पात्याच्या क्लबला आयर्न. आयर्नचा फटका बरोबर बसायचा तर क्लब आधी बॉलला लागला पाहिजे आणि मग जमिनीला. नवशिक्याचं उलटं होतं, क्लब बॉलच्या दोन इंच मागे जमिनीवर आदळतो. याला फॅट मारणं म्हणतात. गवतावर असं झालं की क्लब मातीत रुततो, चपातीएवढं ढेकूळ उडतं आणि बॉल चार पावलं जाऊन थांबतो. मॅटवर मात्र क्लब रुततच नाही. खाली सिमेंट, वर रबर आणि नायलॉन. क्लब घसरत पुढे जातो आणि बॉलला लागतोच. फटका चुकलेला असतो, पण बॉल जाळीपर्यंत जातो आणि शेजारचा म्हणतो, "मस्त!" असं पाच महिने "मस्त" ऐकून मला वाटायला लागलं की आपल्याला जमतंय. शिवाय प्रत्येक चुकीचा हादरा कोपराला बसत होता. गुडघा वाचवायला गेलो आणि कोपर दुखायला लागलं.

मार्चमध्ये पहिल्यांदा खारघरला गेलो. पहाटे निघालं तर नेरूळहून फार वेळ लागत नाही. गाडी नसेल तर बेलापूर–पेंधर मेट्रो आहे, नोव्हेंबर 2023 पासून चालू झालेली. सेंट्रल पार्क स्टेशनला उतरून पुढे रिक्षा. मी एकदा बॅग घेऊन मेट्रोने गेलो, तर समोरच्या आजींनी विचारलं, "आत काय आहे, तंबोरा?"

पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, उभा राहिलो. समोर डोंगर, मागे वाट बघणारे चौघे. सात नंबरचा आयर्न घेतला, रेंजवरचा माझा हुकमी क्लब. ढेकूळ बॉलपेक्षा लांब गेलं! खोटं वाटेल, पण खरंच. मागच्यांपैकी कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं. बरोबरचा कॅडी (बॅग सांभाळणारा मदतनीस) शांतपणे ते ढेकूळ उचलून जागेवर बसवत म्हणाला, "मॅटवर शिकलात का सर?" पाच महिन्यांत इतकं नेमकं निदान कोणी केलं नव्हतं.

त्या दिवशी अकरा बॉल हरवले. हरवलेला बॉल शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात (2019 पर्यंत पाच होती), आणि नाही सापडला तर एक फटका दंड भरून पुन्हा जिथून मारला तिथूनच मारायचा. हा नियम कागदावर साधा वाटतो. प्रत्यक्षात दोनशे पावलं चढून गेल्यावर पुन्हा तेवढंच मागे उतरायचं असतं. माझा गुडघा त्या दिवशी हिशोब ठेवत होता.

तेव्हापासून जवळजवळ दर शनिवारी तिथेच. मैदान टेकड्यांच्या खोऱ्यात आहे, पांडवकड्याच्या बाजूचं, त्यामुळे सपाट असं पाऊल कमीच. बॉल कधी पायाच्या वर असतो, कधी खाली. वर असला तर फटका डावीकडे वळतो, खाली असला तर उजवीकडे (उजव्या हाताने खेळणाऱ्याचं सांगतोय). पुस्तकात वाचून हे समजत नाही, उतारावर चार वेळा तोल गेल्यावर समजतं. फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा मधला पट्टा, सोडून बॉल गेला तर सह्याद्रीचा काळा कातळ आहेच. कातळावर आपटलेला बॉल कुठे जाईल याचा नेम नसतो. एकदा माझा उलटा माझ्याकडेच आला होता. नवीन महागडे बॉल तिथे नेऊ नका, वापरलेले घ्या.

मैदान आखताना बेत 18 होलचा होता, सुरुवातीची बरीच वर्षं त्याहून कमी होलवर खेळ चालला आणि पुढे 18 पूर्ण करण्याचं काम सिडकोने हाती घेतलं. नवशिक्याला या आकड्याने फारसा फरक पडत नाही. नऊ होल चालून झाले की मला पुरतं आणि नऊ वाजता घरी पोहे मिळतात. एप्रिल-मेमध्ये साडेआठनंतर खोऱ्यात उन्हाचा तवा होतो. पहिल्या वेळा मिळाल्या तरच जा, नाहीतर झोपा.

जूनमध्ये चित्र एकदम पालटतं. डोंगरावरून पांढऱ्या धारा सुटतात, ढग टेकडीच्या खाली उतरतात आणि आपण हातात पटर (ग्रीनवर बॉल हलकेच होलमध्ये ढकलायचा क्लब) घेऊन बघत बसतो. पण वारा असा की माझा एकशे तीस यार्डांचा फटका नव्वदवर पडला. हातमोजा वाळला की पापडासारखा कडक होतो, म्हणून दोन ठेवावे लागतात. बुटांना बुरशी आली, वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवले तरी वास गेला नाही. विजा चमकल्या तर खेळ थांबवायचा, त्यात मर्दुमकी दाखवू नये. उघड्या माळावर हातात धातूची काठी घेऊन उभे आहात, एवढं लक्षात ठेवा.

चेंबूरला दोनदा गेलो, त्या वरिष्ठांचा पाहुणा म्हणून. खारघरनंतर तिथे पाय सुखावतात. चढ नाही, जुनी झाडं, सावली. मुंबईच्या मध्यात इतकी शांतता असू शकते यावर विश्वास बसत नाही. खेळही बरा झाला. पण मी पूर्ण वेळ अवघडलेलो होतो. कॉलरचा टी-शर्ट आत खोचून, दर फटक्याआधी आपल्यामुळे सरांचा वेळ जातोय याची टोचणी. यात क्लबचा दोष शून्य. तो माझा स्वभाव. पाहुणा म्हणून गेलं की माणूस शिकत नाही, निभावतो. दर आठवड्याला कोणाचं तरी उपकाराचं ओझं घेऊन खेळणं मला जमणार नाही.

घाटाच्या पायथ्याशी एका रिसॉर्टमध्येही नऊ होल खेळलो. तीनशेच्या वर फोटो काढले आणि ग्रीनवर बॉल दगडी फरशीवर टाकल्यासारखा धावत सुटला. आमची बॅटरीची गाडी पाचव्या होलवर बंद पडली आणि ती ढकलत परत आणली. भाडं पूर्ण घेतलं. पुन्हा नाही.

सीवूड्सच्या पाणथळीवर होऊ घातलेल्या गोल्फ कोर्सबद्दल मला सारखं विचारलं जातं, कारण मी नेरूळचा. तो प्रकल्प 2018 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवला, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. माझ्या घरापासून ते मैदान पाच मिनिटांवर आलं असतं. तरी नको. हिवाळ्यात तिथे रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. त्यांना उडवून मी माझे फॅट फटके मारावेत एवढा माझा खेळ चांगला नाही, आणि चांगला असता तरीही नको.

खर्चाचं थोडक्यात. नियमाने बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब चालतात, म्हणून 14 घ्यायची गरज नाही. मी जुना अर्धा सेट घेतला: एक हायब्रिड, तीन आयर्न, एक वेज, पटर. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायचा क्लब, अजून घेतलेला नाही. आणि पटरला कमी लेखू नका. पार 72 च्या मैदानावर, म्हणजे जिथे चांगल्या खेळाडूला 18 होलना 72 फटके लागावेत असं धरलेलं असतं तिथे, त्या 72 पैकी 36 फटके पटचेच (पटरने मारायचे) धरलेले असतात, दर होलला दोन. रेंजवर मी पाच महिन्यांत एकही पट मारला नव्हता. आता रात्री हॉलमधल्या सतरंजीवर स्टीलच्या पेल्यात बॉल घालतो. खऱ्या होलचा व्यास 108 मिलिमीटर, पेला त्याहून लहान, त्यामुळे शनिवारी होल परातीसारखा वाटतो. या एका गोष्टीने माझे जितके फटके वाचले तितके त्या कार्डाने वाचले नाहीत.

ठाण्याचा मेहुणा घोडबंदरला राहतो, त्यालाही आता हौस आली आहे. मला विचारत होता, "दाजी, तिकडून खारघर लांब पडतं, इथे सोसायटीजवळ एक नवीन रेंज निघतेय, वर्षाचं पॅकेज घेऊ का?" त्याला म्हटलं, आधी तीन शनिवार माझ्याकडे झोपायला ये, पहाटे पाचला उठ आणि गवतावर मार. तिसऱ्या शनिवारीही उठलास तर मग बघू. पहिल्या शनिवारी आला. दुसऱ्याला फोन उचलला नाही.

माझ्या रेंजच्या कार्डावर अजून बासष्ट बादल्या शिल्लक आहेत. पैसे परत मिळत नाहीत, पण कार्ड दुसऱ्याला देता येतं. कोपर शाबूत असलेल्या कुणाला हवं असेल तर कळवा.